भीतीच्या प्रकरणाला जायफळ

लोणावळ्याच्या फलाटावर आई माझा पदर सोडत नव्हती. ती आणि आबा जवळच्या औंढ्याहून, माझ्या माहेरच्या गावाहून, पहाटेच निघून आले होते. "लय लांब चाललीस, बाय. तितं तुजं बोलणं तरी कुणाला कळंल?" आई म्हणत होती. आबा नुसते इंजिनाकडं बघत उभे होते. आमचे हे फायरमन, इंजिनात फावड्यानं कोळसा टाकणारे. घाटात विजेची इंजिनं आली आणि कोळशाच्या इंजिनांवरची पुष्कळ माणसं दूर दूर पाठवली गेली. आमच्या वाट्याला झाशी आली. मला दिवस गेलेले, आणि कल्याणच्या पुढचं जग मी कधी पाहिलेलं नव्हतं.

गाडी हलताना शेजारच्या सालोमीबाईंनी खिडकीतून एक डबा आणि एक जाडजूड पुस्तक आत दिलं. त्या ख्रिस्ती, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. लग्न होऊन मी औंढ्याहून लोणावळ्याच्या चाळीत आले, तेव्हा मला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. शनिवारी दुपारी त्या आम्हा बायकांना एक जुनी, नावाजलेली कादंबरी वाचून दाखवायच्या आणि घरीच नानखटाई भाजायच्या. पितळी पातेल्यात तळाला वाळू, आत ताटली, झाकणावर निखारे. आज कोणतं प्रकरण आहे त्यावर त्यांचं पीठ ठरे. रडवणाऱ्या प्रकरणाला वेलदोडा, लग्नाच्या प्रकरणाला केशर, आणि भीतीच्या प्रकरणाला जायफळ. "जायफळानं जीव थाऱ्यावर येतो," त्या म्हणत. बायकांनी कादंबऱ्या वाचाव्यात की नाही यावर चाळीत कुजबुज चाले, पण नानखटाईच्या वासापुढं ती टिकत नसे.

झाशीला मात्र माझा जीव कधी थाऱ्यावर आलाच नाही. उन्हाळ्यात दाराला हात लावला तर चटका बसे. भाजीवाल्याशी बोलताना मी बोटं दाखवी. हे लाइनवर गेले की कधी परततील याचा नेम नसायचा. यार्डात शिट्टी झाली की मी दारात येई. शिट्टी झाली नाही तरी येई.

शेजारी जिज्जी राहायच्या. जिज्जी म्हणजे तिकडच्या बोलीत थोरली बहीण. त्यांचे यजमान ड्रायव्हर, आणि आमचे हे त्यांच्याच इंजिनावर. दोघींची काळजी एकाच गाडीला जोडलेली. तरी त्या माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. आईही अशीच होती.

एका दुपारी बातमी आली की ह्यांची मालगाडी नाल्याच्या पुलापाशी रुळावरून घसरली. कोण वाचलं, कोण नाही, ते इंजिनांच्या शेडमध्ये कुणी सांगेना. जिज्जी माझ्या दारात आल्या आणि तशाच मटकन खाली बसल्या. मलाही रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर कसं रडावं ते कळेना. मग मी तूप काढलं. मैदा चाळला, साखर कुटली, जायफळ किसलं. निखारे जास्त झाले आणि पहिला घाणा तळाला करपला. तो जिज्जींपुढं ठेवला. त्यांनी एक उचलली, खाल्ली.

मी सालोमीबाईंनी दिलेलं पुस्तक उघडलं, त्यांची ती शनिवारची कादंबरी. मराठीत एक ओळ वाचायची आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायची, असं सुरू झालं. सरदार लढाईवर गेलेला, त्याची बायको गढीच्या दारात वाट बघते. जिज्जींचं रडणं थांबलं. "फिर का भओ? घरै आओ कै नईं?" त्या विचारत होत्या.

मी पान उलटलं. पुढच्या प्रकरणात स्वार एकटाच येतो आणि सरदाराची पगडी बायकोपुढं ठेवतो. ते मला पाठ होतं. मी म्हणाले, "आया, जिज्जी. घोड्यावरून आया. हात को लगा था, पण आया."

जिज्जींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग एक नानखटाई उचलून माझ्या हातात दिली. "तुमऊ खाओ. पेट में बच्चा है."

दिवेलागणीला माणसांना आणलं. ह्यांचे दोन्ही हात वाफेनं भाजले होते. जिज्जींचे यजमान पुढं दोनच दिवस जगले.

ह्यांना मग फावडं धरवेना. शेडमध्ये कंदिलांचं काम मिळालं. गावाकडून निरोप आला की परत या, भावाच्या शेतात हातभार लावा. आम्ही गेलो नाही. जिज्जींना मूलबाळ नव्हतं, क्वार्टर सोडावं लागणार होतं; त्या आमच्यातच राहिल्या. माझी लेक आधी त्यांच्या बोलीत बोलली, मराठी मागाहून शिकली. ती चालायला लागली त्या सुमारास एकदा जिज्जी म्हणाल्या, "वा किताब सही-सही पढ़ो." मी पगडीचं प्रकरण वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "हमें पतो हतो," मला ठाऊक होतं, एवढंच म्हणाल्या आणि लेकीला झोपवायला घेतलं.

तुम्ही औंढ्यातली माझी माणसं, आणि माझ्यासारखे लांब गेलेलेही, हे वाचाल म्हणून सांगते. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाला आले होते. हळद निघाली तशी मी बोचकं बांधायला लागले. वहिनी म्हणाली, "ऱ्हावा की चार दिस."

"न्हाई गं. घरला गेलं पायजे. लेक सासरी, हे शेडात, जिज्जी एकल्या हायत, त्यांना आता नीट दिसत न्हाई."

वहिनी हसली. "कुटलं घर, वन्सं? हितं घरलाच तर हाय तुमी."

मी बोचक्याची गाठ मारली. आई ओसरीवर डोळे मिटून बसली होती, फार वाळली होती. तिच्या पाया पडले आणि निघाले. भुसावळपर्यंत जिज्जींच्या काळजीनं डोळ्याला डोळा लागला नाही. भुसावळ सुटलं, आणि मग आईची काळजी वाटायला लागली.