दुसऱ्या वाचकाची खुर्ची

माणूस काय बोलतो यापेक्षा त्यानं काय छापलं यावर विश्वास ठेवणारी अख्ख्या पुण्यात एकच बाई आहे, आणि ती माझ्या मैत्रिणीची मावशी आहे. बोलताना माणूस सावध असतो, मन उघडं पडतं ते 'घर भाड्याने देणे'च्या चार ओळींत, असं त्यांचं मत. कॉलेजात समाजशास्त्र शिकवून मावशी निवृत्त झाल्या. त्यांचं आशय-विश्लेषण मात्र निवृत्त झालं नाही. त्यांच्या घरी वर्तमानपत्र वाचायला नाही, कापायला येतं. लग्नाच्या जाहिराती, सोसायटीच्या सूचना, भाड्याच्या जागा, सगळ्यांत 'आपले' कोण आणि 'परके' कोण, हे त्या हुडकत बसतात. एका लग्नात त्यांनी वरपित्यालाच गाठलं. ''पत्रिकेत 'समस्त ज्ञातिबांधवांस निमंत्रण' म्हटलंय. मग मी जेवू की नको?'' प्रश्न इतक्या निर्मळ कुतूहलानं विचारला होता, की त्या गृहस्थांनी स्वतः उभं राहून त्यांना जिलबी वाढली.

मी चळवळीसाठी पत्रकं लिहिते, त्यांनाही त्यांनी सोडलं नाही. जात बघून घर नाकारणाऱ्यांविरुद्ध मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. 'धिक्कार असो'पर्यंत पोचण्याआधीच मावशींनी पेन्सिल उचलली. ''अगं, 'हे लोक, हे लोक' केवढं केलंयस! कोण लोक? नीट सांग की. नाहीतर तुझंच पत्रक मला कापून ठेवावं लागेल.'' मी भयंकर चिडले. ज्याला माणसाची लाज नाही, त्याच्याशी शब्द तोलून का बोलायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

मावशींचा नियम एकच, पण पोलादी. एकट्यानं वाचलेलं खरं नाही. दोघांनी पाठीला पाठ करून खुर्च्यांवर बसायचं, मावशी जाहिरात वाचणार, मग अवाक्षर न बोलता दोघांनी आपापल्या ताटलीत बटण टाकायचं. पूर्वग्रह दिसला तर लाल, नाही तर हिरवं. जुळलं तर कात्रण अभ्यासात. नाही जुळलं तर बिस्किटांच्या डब्यात, वाद मिटेपर्यंत. दुसरे वाचक होते काका, म्हणजे मावशींचे यजमान, खडकीच्या कारखान्यात जन्म काढलेले. 'सुसंस्कृत कुटुंबास प्राधान्य' आलं की मावशींचं लाल पडे, काकांचं हिरवं.

''अहो, 'सुसंस्कृत' म्हणजे कोण नको, ते कळत नाही का तुम्हाला?''

''रात्री मिक्सर लावणारे नको असतील गं.''

तो डबा या एका भांडणानं भरला. वाद काही मिटला नाही, काकाच गेले. त्यांच्या खुर्चीत मी बसू लागले आणि सरसकट लाल टाकू लागले. मावशी म्हणाल्या, ''हेही नापास आणि तूही नापास. फक्त दोघं उलट्या टोकांना.''

मग त्यांची विश्रांतवाडीतली इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, आणि जन्मभर भाड्याच्या जाहिराती कापलेल्या बाईंना त्याच जाहिरातींत स्वतःसाठी घर शोधायची वेळ आली. मावशी बौद्ध. आडनाव सांगितलं की समोरच्याला पुढचं विचारावं लागत नाही. कर्वेनगरची एक जागा सगळ्यात सोयीची होती. 'सुसंस्कृत, छोट्या कुटुंबास प्राधान्य.' पाठीला पाठ करून बसलो. माझं लाल. वळून पाहिलं तर मावशींच्या ताटलीत हिरवं.

''मावशी, तुम्ही?''

''आज मी ह्यांच्या बाजूनं बसले,'' म्हणाल्या आणि फोन लावला.

मालक गोड होते. ''या ना संध्याकाळी. आपलं आडनाव?'' मावशींनी सांगितलं. पलीकडून लगेच उत्तर आलं. ''अहो, आत्ताच मिसेस म्हणाल्या, पुतण्याला द्यायचं ठरलंय.'' पुढच्या रविवारी तीच जाहिरात पुन्हा छापून आली. पुतण्याला बहुधा परवडलं नसावं.

मी उसळले. ''नंबर द्या मला. पत्रकात छापते!''

''एका फोनवरून अभ्यास होत नसतो.''

''अभ्यास नाही हो, तुमचं घर आहे हे!''

मावशींनी कात्रण घडी घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. मी म्हटलं, ''आता कसला वाद? आता तर कळलंच की!''

''मला कळलं. पण ह्यांनी हिरवंच टाकलं असतं. दुसऱ्या वाचकाचं मत परस्पर बदलता येत नाही.''

शेवटी घर मिळालं ते मांजरी गावात, उसाच्या कडेला. आडनाव सांगायला लागल्या, तर मालक म्हणाले, ''आडनावाचं काय करू, मावशी? पाणी टँकरचं हाय, ते चालंल का, येवढं सांगा.'' कुठलं बटण टाकावं याचा विचार करायलाही वाव न उरल्यामुळे मावशी जराशा हिरमुसल्याच.

मी अजून रविवारी जाते. इतक्या लांब कोणी येत नाही, त्यामुळे मावशी आठवडाभराचं बोलणं साठवून असतात. पण काकांचा विषय स्वतःहून काढत नाहीत. परवा त्यांनी वाचलं, 'शांत, घरंदाज कुटुंबास प्राधान्य.' माझ्या हातात लाल बटण तयार होतं. लाल टाकलं की जुळणार, कात्रण अभ्यासात जाणार, पुढचं वाचायचं. हिरवं टाकलं की डबा उघडावा लागणार.

मी हिरवं टाकलं.

मावशी वळल्या. ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ''तुझा यावर काडीचा विश्वास नाही. हे कात्रण मी अभ्यासात धरायची नाही,'' म्हणाल्या. मग डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि हसल्या. ''रात्री मिक्सर लावणारे नको असतील, म्हणे! ऐक, एकदा काय झालं...''