देवीला कळवायचं राहिलं

मानकोलीच्या गोदामांमागे चिंचेखाली गावदेवीचा शेंदूर फासलेला दगड आहे. तिथे मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचो. दर मंगळवारी बुरख्यातल्या एक आजी यायच्या, बिस्मिल्ला म्हणून देवीपुढे नारळ फोडायच्या आणि खोबरं बांधायला माझंच पत्रक न्यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. खाला म्हणायचो.

एका मंगळवारी त्या रिकाम्या हातांनी आल्या आणि रस्त्यावरच थांबल्या.

"बाला, हजला चाललेय. जायच्या आधी सगळ्यांची माफी मागायची असते. जावेची पन मागितली. ही देवी एकटीच राहिली."

"मग मागा की."

"कशी मागू? आमचा पणजा मुसलमान झाला, ते हिला कुणी कळवलंच न्हाय. ती अजून आमाला आपलीच समजते. तू सांग. तू मोठ्यानं बोलतोस."

देव नाही, हे मी नाक्यानाक्यावर ओरडून सांगितलं होतं. तरी दगडासमोर जाऊन मी हात जोडले. "यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी मुसलमान झालंय. कळवायला उशीर झाला, त्याबद्दल माफी मागतात."

परतलो, तर खाला दोन पावलं पुढे आल्या. "रागावली काय रं?"

"न्हाय. खुशाल जा म्हणाली. येताना मक्केचं झमझमचं पाणी आण म्हणाली."

खालांनी डोळे पुसले. "आणीन ना. पन अख्ख्या खानदानात वाटायला एकच कॅन मिळतो, तेवढं तिला सांगून ये."