फ्लेक्सवरचा खेकडा

चहाचा कप आधी खाली ठेवा. माझीच फजिती सांगून राहिलोय, हसताना शर्टावर सांडला तर मी जबाबदार न्हाई!

लातूरला माझा बायलॉजीचा क्लास हाय. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला, आता तीन मजले झालेत. तीस वर्षं पोरांना खेकडा शिकवला, पण समुद्र? त्यात पायसुद्धा भिजवला नव्हता! म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात मालवण गाठलं. पाठीवर टाकी बांधली, डायव्हरचा हात धरला अन् उतरलो तळाला.

काय ते रंग, अहाहा! निळ्या नांग्यांचे, ठिपक्यांचे, लई खेकडे. सगळे मला बघून पळाले. एकच पठ्ठ्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, जागचा हलला न्हाई. मला वाटलं, ह्यानं आपल्याला ओळखलं! त्याच्याशेजारी छाती काढून फोटो काढून घेतला.

होडीत आल्यावर डायव्हर म्हणाला, "सर, तो खेकडा खरं म्हणजे..."

"खेकडा मला सांगता व्हय? अहो, माझी पोरं डॉक्टर झालीत!"

बिचारा टाक्या आवरायला लागला.

परत आलो अन् ऐन ॲडमिशनच्या दिवसांत चौकात हा मोठा फ्लेक्स लावला. वर मी, शेजारी खेकडा, खाली 'थेट समुद्राच्या तळातून बायलॉजी!' समोरच्या क्लासवाल्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

एका दुपारी हदगावचे एक पालक पोराला घेऊन ऑफिसात आले. मी त्यांना तीच कथा रंगवून सांगत होतो. तेवढ्यात आमची नाझनीन आली. अहमदपूरच्या टेलरची पोरगी, कायम पहिल्या बेंचवर.

"सर, फ्लेक्सवरच्या खेकड्यात खेकडाच न्हाई."

"म्हंजे गं?"

"मागून उकललाय बघा. डोळे रिकामे हायेत, आरपार दिसतंय. ती कात हाय, सर. खेकडा कवाच निघून गेलाय."

मी फोनवर तो फोटो मोठा करून बघितला, तर खरंच की! "हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की! मंगळवारी. 'खेकडा कात कशी टाकतो, पक्कं करा, पेपरात येतंच,' म्हणलात."

हदगावचे पाहुणे उठले. झालं, गेली ॲडमिशन! आता गावभर बोभाटा! पण ते पोराला म्हणाले, "पोरगी सरांची चूक काढून राहिली, अन् सर तिच्यावर चिडले न्हाईत. तू हितंच शिकायचं."

चिडतो कशाला? खरं सांगतो, इतका अभिमान मला तीन मजले चढले तवाबी वाटला नव्हता.

यंदा नाझनीन मेडिकलला लागली. नव्या फ्लेक्सवर मधोमध तिचा मोठा फोटो लावला. तिच्याच हट्टानं खाली कोपऱ्यात माझा तो जुना फोटो टाकला, 'ओळखा, पोकळ कात कोणती?' असा प्रश्न लिहून.

येणारे-जाणारे थांबून नीट बघतात. अन् निम्मे लोक माझ्यावर बोट ठेवतात!