कालव्याच्या दाराशी

टर्पेंटाईनचा वास आला, की मला सांगवीजवळचा कालवा आठवतो. तिथं पाणी सोडायचं इंग्रजांच्या काळातलं दार आहे; काळे घडीव दगड, गंजलेलं चाक, वर वाकलेली बाभूळ. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याचं चित्र रंगवायला मी काठावर बसले होते. पाण्याचा हिरवा रंग नुकता जमत होता, तेवढ्यात दोन शेतकरी भाऊ पाण्याच्या पाळीवरून भांडत दाराशी आले. "आज पाणी माझं हाय, दाराला हात लावू नगंस," धाकटा म्हणाला. थोरल्यानं हातातला लोखंडी दांडा थेट त्याच्या डोक्यात घातला. धाकटा दगडांवर कोसळला, कपाळातून रक्ताची धार लागली. "आज तुला जित्ता सोडत न्हाय!" म्हणत थोरल्यानं दांडा पुन्हा उचलला. मी ओरडले, पण त्याला ऐकूच गेलं नाही. मग मी ब्रश बुडवायचा टर्पेंटाईनचा डबा उचलून त्याच्या तोंडावर फेकला. दांडा पाण्यात पडला, आणि तो डोळे धरून गुरासारखा हंबरत खाली बसला. आता धाकटा पळेल, असं मला वाटलं. पण तो रांगत भावाकडं गेला, ओंजळीनं त्याच्या डोळ्यांवर पाणी मारू लागला आणि रक्तानं माखलेलं तोंड माझ्याकडं वळवून किंचाळला, "ए बये, माझ्या दादाचं डोळं गेलं तर तुला हितंच गाडीन!" दवाखान्यात थोरल्याचे डोळे वाचले, धाकट्याला टाके पडले, आणि पोलिसांना दोघांनीही पाय घसरल्याचं सांगितलं. मला मात्र आजही त्या मारापेक्षा ती धमकीच जास्त घाबरवते.