आठवी चिंधी

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला सगळे नाना म्हणतात. पाठीमागे चिंधीनाना म्हणायचे, आणि ते नाव कोणी ठेवलं असं विचाराल तर मीच ठेवलं होतं. मेव्हण्याची थट्टा करायला कारण लागत नाही, आणि नानांनी तर मला रोजचं आयतं कारण देऊन ठेवलं होतं.

नानांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत शिरलं की डाव्या भिंतीवर ओळीने सात खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर लाल कापडाचा हातभर चौकोन. चारही कडा वहिनींनी दुमडून शिवलेल्या, एकही धागा सुटलेला दिसायचा नाही. इंजिन उघडलं की त्याला दहा ठिकाणी भोकं पडतात. त्यांतून एखादा नट किंवा खडा आत गेला की संपलंच, म्हणून सगळेच मिस्त्री त्या तोंडांत कापड कोंबतात आणि नंतर काढतात. नानांच्या उस्तादाच्या हातून तरुणपणी एक कापड आत राहिलं होतं. ते इंजिन आणि उस्तादाचं नाव एकाच दिवशी बसलं. तेव्हापासून नानांनी नियम केला, कापडं सातच. उघडलेलं इंजिन पुन्हा मिटवण्याआधी सातही खिळ्यांवर परत आली पाहिजेत, आणि ती दुसऱ्या माणसाने मोजली पाहिजेत.

"किती?" नाना इंजिनावर वाकूनच विचारायचे.

शेडमध्ये जो कोणी असेल त्याने भिंतीकडे बघून "सात" म्हणायचं. कोणीच नसलं तर नाना समोरच्या चहावाल्याला हाक मारून आणायचे. "एकट्याने मोजलेलं मी धरत नाही," म्हणायचे. मी याला चिंध्यांची हजेरी म्हणायचो. कधीकधी "लाल क्रमांक चार, हजर!" असं ओरडायचो आणि नाना शांतपणे पुन्हा विचारायचे, "किती, भावोजी?"

मी मोजणी खात्यात होतो. तीस वर्षं जमिनी मोजल्या, त्यातली बावीस एका जीपमधून. मी निवृत्त झालो त्याच वर्षी खात्याने ती जीप भंगारात काढली आणि मी ती घरी आणली. बायको म्हणाली, "दोघं एकदमच सुटलात." जीपचं पेट्रोल इंजिन पार गेलं होतं. नानांनी एक फेरी मारली, खाली वाकून सांगाडा ठोकून पाहिला आणि म्हणाले, "हाडं मजबूत आहेत हिची. डिझेल बसवू."

पुढचे पाच महिने मी रोज सकाळी डबा घेऊन शेडवर जायचो. एका मोडीत निघालेल्या टेम्पोचं इंजिन मिळालं. नानांनी ते पूर्ण खोललं, रिंगा बदलल्या, नोझल तपासून आणले. पण टेम्पोचं इंजिन आणि जीपचा गिअरबॉक्स म्हणजे न जमणारी सोयरीक, दोघांचे बोल्ट कुठेच जुळेनात. नानांनी पुठ्ठा कापून माप घेतलं आणि लेथवाल्याकडून दोघांच्या मध्ये बसणारी जाड लोखंडी प्लेट करून आणली. ती केसभर तिरकी होती म्हणून परत पाठवली. मग आणखी एकदा पाठवली. लेथवाला वैतागला, मीही वैतागलो. नाना मात्र दर वेळी प्लेटवरून बोट फिरवत म्हणायचे, "घाई असेल तर बैलगाडी घ्या, भावोजी."

चेनपुलीला टांगून इंजिन खाली सोडलं तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. नको तितका लख्ख आठवतो. इंजिन जागेवर बसलं, पण हवा आत घेण्याचं त्याचं तोंड आलं डॅशबोर्डच्या भिंतीकडे. तिथे जेमतेम हात पोचायचा. त्या तोंडात नानांचं लाल कापड होतंच. दुपारी त्यांनी ते काढलं, रबरी पाइपचं माप घेतलं, कापड सवयीने खिळ्याला अडकवलं आणि पाइप आणायला दुकानात गेले. दहा मिनिटांचं काम होतं. तेवढ्यात शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या आणि लोखंडाचा भुसा वाऱ्याने सरळ आमच्याकडे यायला लागला.

मला वाटलं, आपण किती हुशार. खिशातला रुमाल काढला, गोळा केला आणि हात वाकडा करून त्या तोंडात चांगला दोन बोटं आत दाबला. मग मोजणी खात्यातला जुना सोबती आला. त्याच्याशी गप्पा मारत मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि रुमाल डोक्यातून साफ गेला.

नाना परत आले. आडवे झोपून, हात खांद्यापर्यंत आत घालून पाइप बसवायला लागले. "किती?" त्यांनी विचारलं.

"सात," मी बाकावरूनच सांगितलं.

"भावोजी, या तोंडात काही नाही ना? माझा हात पोचतोय, डोळा पोचत नाही."

"सात आहेत म्हटलं ना, नाना! हजेरी किती वेळा घ्याल?" सोबती हसला. मीही हसलो. नानांनी क्लिप आवळली.

रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायची ठरली. मी सगळ्यांना आमंत्रणं दिली होती, खात्यातले चौघं, लेथवाला, माझी बायको, वहिनी. सेल्फ मारला आणि इंजिन धडधडलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी गाडी समोरच्या चढावर घातली. अर्ध्या चढावर तिने काळा धूर ओकला, आतून टकटक सुरू झाली आणि ती जी बंद पडली ती पडलीच. मागे घसरत घसरत आम्ही सगळ्यांच्या पुढ्यात येऊन उभे राहिलो. मोजणी खात्यातला एकजण म्हणाला, "साहेब, ढकलायला आम्हाला बोलावलं होतं होय?"

माझं डोकं फिरलं. मी खाली उतरलो आणि चारचौघांत, त्यांच्या बायकोसमोर आणि बहिणीसमोर नानांना म्हणालो, "चिंधी राहिली असेल आत! आता वय झालं तुमचं. सातापर्यंत मोजता येत नाही, आणि इंजिनं बदलायला निघालात!"

मला रुमाल आठवला नव्हता. जे सगळ्यात जास्त लागेल ते मी बोललो, एवढंच. नानांचा चेहरा राखेसारखा झाला.

दुपारी त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं. एक व्हॉल्व्ह वाकला होता आणि त्याच्याखाली कापड अडकलं होतं. तेलाने काळं, चावून लगदा झालेलं, रंग ओळखू न येणारं. नानांनी भिंतीकडे पाहिलं. बोटाने एकेका खिळ्यापाशी थांबत मोजलं. सात. उलटीकडून मोजलं, तरी सातच. मग ते खाली टायरवर बसले.

"मग ही आठवी कुठून आली?" ते म्हणाले. "मीच घेतली असणार कधीतरी. दुसरं कोण घेणार? पण मला आठवतच नाही, भावोजी. काहीच आठवत नाही."

लगद्याचा एक कोपरा माझ्या पायाशी पडला होता. त्यावर हिरव्या दोऱ्याची फुली होती. माझे रुमाल धोब्याकडे बदलू नयेत म्हणून बायको प्रत्येकावर तशी फुली घालते. मी वाकलो, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि कोपरा खिशात टाकला.

तेव्हाच बोलायला हवं होतं, मला कळत होतं. बोललो नाही. सकाळी चारचौघांत एवढं बोलून बसलो होतो, ते गिळायचं कसं? पुढच्या रविवारी सांगू असं ठरवलं. पुढच्या रविवारी नानांनी नवा व्हॉल्व्ह घालून इंजिन सुरू करून दिलं आणि हात जोडले, "त्या दिवशीचं मनावर घेऊ नका, भावोजी. माफ करा." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू द्या, नाना. होतं असं." मोठ्या मनाने म्हणालो! आजही ते आठवलं की भर बाजारात माझे कान तापतात.

जीप उत्तम चालली. नाना चालेनासे झाले. हजेरी आधी दोनदा, मग चार-चारदा घ्यायला लागले. मग एक दिवस त्यांनी ठरवलं की इंजिन उघडायचं नाही, फक्त ग्रीस भरायचं आणि पंक्चर काढायचं. घराच्या किल्ल्या वहिनींच्या हवाली केल्या. गाडी चालवणं सोडलं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "त्यांना काय माहीत, माझ्याकडे आठवी चिंधी आहे." घरभर चिठ्ठ्या लागल्या. गॅस बंद केला का. नळ पाहिला का. दार ओढलं का. आम्ही गेलो की चहा पिता पिता ते दर वेळी तेच म्हणायचे, "त्या दिवशीचं माफ करा, भावोजी." बायको परत येताना डोळे पुसायची. "बघा ना, सांगून झालंय हेही आठवत नाही त्याला."

"तुमचा एक रुमाल कमी आहे," असंही ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, हरवला असेल.

दोन वर्षं गेली. मागच्या महिन्यात नानांनी तिला बोलावून सांगितलं, "अजून डोकं जागेवर आहे तोवर शेड विकून टाकतो. ती लाल कापडंही घेऊन जा कोणाला हवी तर." तिने घरी येऊन ते सांगितलं आणि मग मला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपरा घेऊन गेलो.

नाना खिडकीशी बसले होते, वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी कोपरा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ग्राइंडर, रुमाल, बाक, बुटाची नाडी. नानांनी कोपरा उचलला, खिडकीकडे धरून फुली पाहिली.

"म्हणजे सातच होत्या?"

"सातच होत्या, नाना."

"अगं, ऐकलंस का?" त्यांचा आवाज चिरकला. "सातच होत्या! मी बरोबर मोजल्या होत्या!" आणि ते लहान मुलासारखे हसायला लागले. माझ्यावर ओरडायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. "दोन वर्षं, भावोजी?" एवढंच म्हणाल्या. मग उठल्या आणि चिठ्ठ्या काढायला लागल्या. गॅसजवळची, नळावरची, दारावरची, आरशाखालची. एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवत गेल्या. शेवटची त्यांनी नानांच्या चष्म्याच्या डबीतून काढली. घडीवर विरलेली, जुनी. ती त्यांनी हातावर ठेवली नाही, माझ्यासमोर उघडून धरली.

नानांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'भावोजींची माफी मागायची.' खाली पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या होत्या, माफी मागून झाली की एक. नाना काहीच विसरले नव्हते. एकदा पुरेल असं त्यांना वाटत नव्हतं, एवढंच.

"मोजा," वहिनी म्हणाल्या.

मी मोजल्या. अकरा होत्या.