परत आणून द्यायच्या बोलीवर

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही हो. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर मागून चार बाहेर पडतात! आता तुम्ही विषय काढलाच आहे परदेशी कामाला जाणाऱ्या मुलांचा, तर ऐका. मध्येच चहाला उठायचं नाही.

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला आमच्या संस्थेचा एक वर्ग चालायचा. वर्ग कसला, पत्र्याची शेड! आत दोन लेथ मशीन, मोटर वाइंडिंगचं एक टेबल आणि कोपऱ्यात माझा फळा. मी इंग्रजी शिकवायचे आणि ओरडायचे. मुलं आजूबाजूच्या चाळींतली, दहावीला नापास झालेली. गिरणीच्या संपानंतर बापाची नोकरी गेलेली. आमचे प्रमुख कर्णिक सर, रिटायर्ड इंजिनियर, स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नाही. त्यांनी पत्रापत्री करून पश्चिम जर्मनीतला एक छोटा कारखाना गाठला. आमची दोन मुलं सहा महिने तिकडे काम शिकणार आणि त्या अनुभवावर इकडे नोकरी मिळवणार. कारखान्याची अट एकच. गेलेलं पोर परत आलं पाहिजे. एक जरी तिकडे गायब झालं, तर पुढची बॅच बंद!

*

पहिल्या बॅचला संगीता वाघमारे निवडली. घाटकोपरचीच, मोटर वाइंडिंगमध्ये एक नंबर. मुलाखतीला सर, मी आणि संस्थेच्या अध्यक्षीणबाई. बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, "एवढ्या लांब एकटी जाणार. भीती नाही वाटत?"

"वाटते ना."

"कशाची गं? थंडीची? भाषेची?"

"आईची. तिला अजून सांगितलं नाहीये."

झालं! दुसऱ्या दिवशी मी आणि सर तिच्या घरी. आई आधी आमच्यावरच उखडली. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोटरचं काम? मग आमचा टेबलफॅन का गं दुरुस्त करत नाहीस महिनाभर?" संगीताने आमच्यासमोर फॅन उघडला, अर्ध्या तासात फिरवून दाखवला. आईने वाऱ्यात बसून परवानगी दिली.

*

दुसरा बाळा परब, विक्रोळीचा. लेथवर हात असा बसलेला की बघत राहावं. इथे मात्र गाडं अडलं ते वडिलांपाशी. परबकाका गिरणीतले, संपानंतर घरी. तसेही कमी बोलायचे, त्यात आता तोंडच मिटलेलं. सरांनी सगळी योजना समजावली. काका भिंतीकडे बघत म्हणाले, "माझो भाऊस बोटीर गेलो, तो गेलोच. झिलाक नाय धाडूचंय."

मुलाला पाठवायचं नाही, विषय संपला! सर तर घाम पुसायला लागले. शेवटी म्हणाले, "काका, मी शब्द देतो. बाळाला मी स्वतः आणून तुमच्या हातात देईन."

काका पहिल्यांदा सरांकडे वळले. "हातात?"

"हातात."

"बरां," काका म्हणाले आणि उठून गेले. बाहेर पडल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, तुम्ही कुठून आणून देणार? तुमच्याकडे तरी पासपोर्ट आहे का?"

सर म्हणाले, "गप्प बसा हो!"

*

पासपोर्टवरून आठवलं. बाळाचा पासपोर्ट काही येईना. संगीताचा आला, याचा पत्ता नाही. चौकशी केली तर उत्तर आलं, दिलेल्या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही. अरे, जन्म झाला तिथे त्याचा!

मग कळलं. चौकशीला हवालदार चाळीत आला होता. खाकी टोपी बघताच अख्खी चाळ सावध. "बाळा परब कोण?" "कोण बाळा? आम्ही नाही ओळखत." वरच्या मजल्यावरची मावशी तर म्हणाली, "परब? ते कधीचे गावी गेले!" आणि त्या वेळी बाळा तिच्याच पलंगाखाली! पोराने काहीही केलेलं असो, पोलिसांना द्यायचं नाही, एवढं एकच सगळ्यांना ठाऊक.

माझी तर वाट लागली हसून हसून. पण सर चिडले. त्यांनी चाळीत जाऊन सगळ्यांना फैलावर घेतलं, मी बाळाला. दुसऱ्या दिवशी अख्खी चाळ चौकीवर! बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे एकदम ओरडताहेत, "राहतो! राहतो! बाळा आमच्यातच राहतो!"

हवालदार कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, राहतो तर राहू द्या. पण तुम्ही आता घरी जा!"

*

जायच्या आधी मुलांना काट्या-चमच्याने जेवायला शिकवायचं होतं. ते काम माझ्याकडे. बाळाकडे सराव ठेवला. परबकाकूंनी मोठ्या हौसेने बांगडे तळले. काकू भलत्याच बोलक्या, काकांचा वाटाही त्याच बोलायच्या. मी बाळाच्या एका हातात सुरी दिली, दुसऱ्यात काटा. बांगडा ताटभर पळतोय, बाळा त्याच्या मागे! शेवटी बांगडा उडाला तो थेट शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यावर.

काकू बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, हात लावल्याशिवाय काटो खंय आसा ता कसां कळतलां? ती माणसां मरनत नाय?"

 मीसुद्धा हात धुतले आणि बांगडा हातानेच खायला बसले.

*

दोघं गेली. सुरुवातीला सगळं झकास. मग ऑक्टोबरात एका दुपारी तार आली. इंग्रजीत दोनच वाक्यं. परब मशीन सुरू करायला नकार देतो. काय करावं कळवा.

सर खुर्चीत बसले ते बसलेच. "संपलं सगळं," म्हणाले. "भांडला असणार. आता हाकलतील, नाहीतर पळून जाईल. परबांना काय तोंड दाखवू?"  खोटं कशाला बोलू, मला तर रडूच कोसळलं.

ट्रंक कॉल लावला. संध्याकाळी कधीतरी लागला एकदाचा. सर जोरजोरात ओरडताहेत, "बाळा! मशीन का चालवत नाहीस? कोणी काही बोललं का?"

तिकडून बाळा अगदी शांत. "नाही सर. सगळे चांगले आहेत. पण आज खंडेनवमी ना! आज मशीनला कसं राबवायचं? मी पूजा मांडलीय. यांना किती सांगतोय, उद्या डबल काम करतो म्हणून. कोणाला कळतच नाही!"

आमच्या शेडमधल्या लेथलाही सकाळीच हार घातला होता, पण तारेच्या धसक्यात कोणाच्या डोक्यात आलं नाही! सरांनी त्या जर्मन साहेबाला फोनवर खंडेनवमी समजावली. हत्यारं आपलं पोट भरतात, वर्षातून एक दिवस त्यांना आराम आणि नमस्कार.   मग साहेबाने विचारलं, "एकच दिवस?"

"एकच!"

"ठीक आहे."

हुश्श! त्या दिवशी शेडमध्ये आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. पुढे फोटो आला. बाळाच्या लेथला हळदकुंकू, वर पिवळ्या फुलांचा हार. हार साहेबाच्या बायकोने स्वतःच्या बागेतल्या फुलांचा करून दिलेला! मागे साहेबाने लिहिलं होतं, "पुढच्या वर्षी तारीख आधी कळवा. बाकीच्या मशीनसुद्धा वाट बघतील."

*

आणि परतीचा दिवस. भर दुपारी सहार विमानतळावर आम्ही सगळे उभे. विक्रोळीची अर्धी चाळ टेम्पो करून आलेली. काकूंच्या हातात ओवाळायचं ताट. काका एका खांबाला टेकून, डोळे दारावर.

विमान उतरलं. लोक यायला लागले, ट्रॉल्या, गळाभेटी. संगीता आली. तिच्या आईने तिला असं धरलं की मलाच भरून आलं. बाळा मात्र नाही.

"अगं, बाळा कुठाय?"

"माझ्या पुढेच होता, टीचर! माझ्या आधी बाहेर यायला हवा."

लोक संपत आले. दार उघडायचं, दुसराच कोणीतरी निघायचा. काकूंच्या ताटातलं निरांजन विझलं, कोणी लावलं नाही. सर माझ्या कानाशी पुटपुटले, "मी त्यांना हातात देईन म्हटलं होतं हो." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. काका जागचे हलले नाहीत.

शेवटी दार उघडलं. पुढे पांढऱ्या गणवेशातला कस्टमचा अधिकारी, मागे बाळा, उघडीच बॅग पोटाशी धरून! अधिकाऱ्याने विचारलं, "याच्या घरचं कोण?"

सर धावले. "काय केलं त्याने? काय सापडलं?"

"काही सापडलं असतं तर बरं झालं असतं!" अधिकारी वैतागून म्हणाला. "सगळं जग 'दाखवण्यासारखं काही नाही' म्हणत हिरव्या पाटीखालून सटकायला बघतं. हा स्वतः होऊन लाल पाटीखाली आला. आणि एकेक वस्तू काढून दाखवतोय. साबण, स्वेटर, अर्धवट चॉकलेट! मी म्हणतो, जा बाबा, तर म्हणतो, सगळं नीट बघा साहेब, आमच्या टीचरने सांगितलंय, गणवेशवाल्यापासून काही लपवायचं नाही. घेऊन जा हो याला, मला जेवायचंय!"

चाळ जी काही हसली! काकूंनी आधी बाळाच्या पाठीत एक धपाटा घातला, मग निरांजन लावून ओवाळलं आणि मग रडल्या. सरांनी बाळाचा हात धरला, काकांपाशी नेला आणि खरोखरच त्यांच्या हातात दिला. 

काकांनी बाळाला वरून खालपर्यंत बघितलं. दंड चाचपले. हात काही सोडला नाही. मग आपला दुसरा हात मागे नेला आणि गर्दीतून बाळाच्या धाकट्या भावाला कॉलर धरून पुढे ओढलं.

"साहेबानू," म्हणाले, "ह्यो पण दहावीत नापास आसा."