अकरा नंबरचा ओटा

"ऐका हं सगळ्यांनी," ग्रामपंचायतीतला क्लार्क म्हणाला आणि माझा मोबाईल वर धरून मोठ्याने वाचू लागला. "माननीय महोदय, माझी आई मासळी बाजारात अकरा नंबरच्या ओट्यावर बसते. ती आजारी पडल्यावर तिचा ओटा दुसऱ्याला दिला. तरी नियम काय तो कळवावा, ही नम्र विनंती."

हे मी नेटवर शोधायच्या चौकटीत लिहिलं होतं, आणि काही सापडेना म्हणून मोबाईल त्याला दाखवला होता.

"नेट काय तुझा मामलेदार आहे? अर्ज करतेस त्याला?"

अख्खं ऑफिस हसलं. त्याने दोन बोटांत धरून मोबाईल परत दिला आणि बोटं हुंगून दाखवली. बांगडा मासळीचा वास. पुन्हा हशा. आणि मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही चीड येते.

आदल्याच दिवशी तो म्हणाला होता, "नियम नेटवर आहे, शोध जा." आईच्या ओट्यावर त्याने आपली मेहुणी बसवली होती. मी बारावी पास. पण आमच्या घरात कुणी कधी काही मागितलं ते अर्ज करूनच. वाकून. दुसरी रीत आम्हाला शिकवलीय कुणी?

घरी आई खुब्याचं हाड मोडून पडलेली. ती म्हणाली, "तेंच्या तोंडाक लागा नको गो. बसाक खंय तरी गावतला."

बसायला कुठेतरी मिळेल म्हणे! मी तिच्यावर ओरडले. आजारी बाईवर. मग मागीलदारी जाऊन रडले.

रडून झाल्यावर मोबाईल पुन्हा उघडला. माझ्या त्या लांबलचक विनंतीला उत्तर म्हणून काय आलं होतं? अर्जांचे नमुने. नुसते अर्जांचे नमुने! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी लिहिलेलेच शब्द ते यंत्र शोधत होतं. आईचं दुखणं पंचायतीच्या कुठल्याच कागदात नव्हतं. त्यांचा कागद हवा तर त्यांचेच शब्द टाकायला हवेत.

आईच्या ट्रंकेतून तिचा जुना परवाना काढला. वर छापलं होतं, मासळी बाजार ओटे वाटप. तेवढंच लिहिलं, जसंच्या तसं. ते शब्द एकत्रच शोधले जावेत म्हणून दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली. पुढे गावाचं नाव. आई नाही, आजार नाही, नम्र तर नाहीच.

चारच कागद आले. तिसरा नियमांचा होता. ओटेवाली आजारी असेल तर घरचं माणूस बसू शकतं. लेखी नोटीस दिल्याशिवाय ओटा काढून घेता येत नाही. आईला कसलीच नोटीस आली नव्हती.

छापील प्रत घेऊन गेले. क्लार्कने वाचली. या वेळी मनातल्या मनात.

"कोणी शोधून दिलं तुला?"

ऑफिसात आम्ही शुद्ध बोलतो, भीतीने. त्या दिवशी नाही बोलले.

"मीच सोदलंय."

"ठेवून जा. बघू."

"ठेवूचंय नाय. पोच दी."

त्याने पोच दिली नाही. मी प्रत ग्रामपंचायतीच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवली.

ओटा अजून मिळालेला नाही. मेहुणी तिथेच आहे. मी तिच्या शेजारी जमिनीवर टोपली मांडून बसते. परवा क्लार्कने शिपाई पाठवला, म्हणे ऊठ. मी उठले नाही. उठवायचं असेल तर लेखी आणा, कलम घालून आणा. मी ते शोधणार, तपासणार. आणि खोटं निघालं तर भर बाजारात वाचून दाखवणार.